रंभाबाईंची साक्ष

निरंजन आमच्या भुकूमच्या घराच्या मागच्या खोलीत राहायला आला ते दोन हजार सहा साल. परभणीचा मुलगा, हिंजवडीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसायचा. गावात तेव्हा घरोघर मागे एकदोन खोल्या काढून भाड्याने दिलेल्या होत्या, आमच्याही होत्या. माझ्या सासूबाई रंभाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, भाडेकरूंशी कामापुरतंच बोलायच्या. निरंजनचं वेगळं झालं, कारण त्या पावसाळ्यात त्याला टायफॉईड झाला आणि पंधरा दिवस त्याची पेज आमच्या चुलीवर शिजली. तेव्हापासून तो त्यांना मावशी म्हणायला लागला. कामावरून आला की ओट्यावर टेकायचा आणि दिवसभराचं सगळं त्यांना सांगायचा.

आत्याबाईंच्या अंगात जाखमाता यायची. आमच्या शेताच्या बांधाला देवीचं लहानसं देऊळ आहे. दर मंगळवारी दुपारी तिथं माणसं जमायची. कुणाचं मूल आजारी, कुणाच्या मुलीचं जमत नाही. आत्याबाई देवीसमोर मांडी घालून बसायच्या. वारं यायच्या आधी चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या, घडी घालून कोनाड्यात नीट ठेवायच्या. मग केस सुटायचे आणि त्या घुमायला लागायच्या. सगळं झाल्यावर त्यांना काही आठवायचं नाही. पाणी पिऊन सरळ गोठ्यात जायच्या. मंगळवारी सुट्टी आली की निरंजन मागे उभा राहून बघायचा, हात जोडून.

दिवाळीच्या आधी त्याच्या कंपनीत गमतीजमतींचा कार्यक्रम झाला. तिथं त्याने नक्कल केली. पांघरायची चादर साडीसारखी नेसला, केस म्हणून काळी लोकर, आणि घुमायला लागला. मित्र समोर बसून विचारत होते, देवी, माझं प्रमोशन कधी, देवी, अमेरिकेला कधी पाठवणार. हा आत्याबाईंच्या आवाजात उत्तरं देत होता. कोंबडं आण, लिंबू आण, साहेबाच्या उशाशी ठेव. कुणीतरी मोबाइलवर ते चित्रण केलं. कंपनीच्या गाड्यांवर आमच्या गावचे ड्रायव्हर होते. आठवड्याभरात ते या फोनवरून त्या फोनवर करत भुकूमभर झालं.

आमच्या ह्यांनी ते मला स्वयंपाकघरात दाखवलं. मी हसले. खोटं कशाला सांगू, मोठ्याने हसले. कारण घुमायच्या आधी त्याने चष्मा काढला, चादरीला पुसला, घडी घातली आणि ठेवायला कोनाडा शोधत इकडेतिकडे बघितलं. हुबेहूब आत्याबाई.

त्या ओसरीवर पावटा सोलत होत्या. उठून दारात आल्या.

"कशाला हसलीस ते मला दाव."

ह्यांनी फोन खिशात घातला. त्यांनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. शेवटी ह्यांनी लावून दिलं. आत्याबाईंनी पूर्ण बघितलं. "परत लाव," म्हणाल्या. पुन्हा बघितलं.

"मी आसं करते का गं?"

"न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि परत पावट्यापाशी जाऊन बसल्या.

निरंजन त्या दिवशी कामावर होता. तो यायच्या आत विलासभाऊजी आले. आमच्या भावकीतले, त्यांचं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचं चाललं होतं. सोबत चारपाच जण.

"काकी, हे तुमच्या एकटीचं न्हाई. देवीची टिंगल हाय. उद्या कुणीबी उठंल आन् आपल्या देवाला हसंल. कायदा हाय त्याला. फक्त तुमची सही पायजे."

"मी बोलते त्याच्याशी. येऊ दे त्याला," आत्याबाई म्हणाल्या.

"आता बोलायचं न्हाई काई. बोललात तर केस ढिली पडते."

आत्याबाईंनी साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही केली. संध्याकाळी पोलिस निरंजनला आमच्या दारातून घेऊन गेले. जाताना तो "मावशी" एवढंच म्हणाला, तेही विचारल्यासारखं. धार्मिक भावना दुखावल्याचं कलम, लगेच जामीन नाही. दोन दिवस कोठडीत राहिला. बाहेर आला तोवर नोकरी गेली होती. सामान न्यायला त्याचा मित्र आला.

पुढच्या मंगळवारी नेहमीसारखी माणसं जमली. आत्याबाई बसल्या. चष्म्याला हात लावला आणि हात तिथंच थांबला. समोर बसलेल्यांकडे बघितलं. त्यातल्या किती जणांच्या खिशात ते चित्रण होतं कोण जाणे. त्यांनी चष्मा तसाच डोळ्यांवर ठेवला, डोळे मिटले. बराच वेळ झाला. वारं आलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "आज निरंकार उपास हाय, जमायचं न्हाई." त्याच्या पुढच्या मंगळवारीही आलं नाही. पुढच्या वर्षी नवरात्रातही नाही. मग लोक यायचे कमी झाले.

मला तेव्हा वाटायचं, कायद्याने यावर काहीतरी होईल. काय होईल ते नक्की माहीत नव्हतं.

झाल्या त्या तारखा. हे कलम असं की सरकारची परवानगी आल्याशिवाय खटला पुढे सरकत नाही, आणि फाइल मुंबईला गेली होती. तरी विलासभाऊजी सांगायचे, तुमी हजर राहा, कोर्टाला दिसलं पायजे. म्हणून दर तारखेला मी आणि आत्याबाई पौड रोडच्या बसने पुण्याला जायचो, कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसायचो. निरंजन परभणीहून आगगाडीने यायचा. तिकडे एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करत होता. पहिल्या वर्षी तो समोरच्या बाकावर बसायचा. पुढे व्हरांड्यात गर्दी असली की आमच्याच बाकाच्या टोकाला बसायला लागला. पुकारा व्हायचा, पुढची तारीख मिळायची, आम्ही तिघं जिना उतरायचो. कुणी कुणाशी बोलायचं नाही. आम्हाला सरकारी वकिलांनी बजावलं होतं, आरोपीशी बोलायचं नाही. त्यालाही कुणी बजावलं असणार.

विलासभाऊजी पहिल्या दोन तारखांना आले होते. मग निवडून आले आणि त्यांना सवड मिळेना.

एकदा उन्हाळ्यात आत्याबाईंना व्हरांड्यातच घेरी आली. निरंजन उठला, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. आत्याबाईंनी पाणी पिऊन बाटली माझ्याकडे दिली, मी त्याच्याकडे दिली. एवढाच आमचा तीन वर्षांतला व्यवहार.

परवानगी आली, दोषारोप ठेवले गेले, आणि दोन हजार नऊच्या डिसेंबरात आत्याबाईंची साक्ष लागली. न्यायाधीश एक बाई होत्या, पन्नाशीच्या, त्यांच्यासमोर फायलींचा ढीग. आत्याबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. हात कठड्यावर.

सरकारी वकिलांनी नावगाव विचारलं, चित्रण बघितलं का ते विचारलं. मग म्हणाले, "ते बघून तुमच्या धार्मिक भावना दुखावल्या ना?"

"म्हंजे?"

"देवीचा अपमान झाला, म्हणून तुम्हाला दुःख झालं."

आत्याबाईंनी जरा विचार केला. "देवीचं काय दुकायचंय, सायेब? ती लई मोठी हाय. तिला असली पोरं काय करणार? दुकलं ते माझं."

"म्हणजे तुमच्या भावना दुखावल्या."

"व्हय. पर तुमी म्हन्ता त्या न्हाई."

वकिलांनी न्यायाधीशांकडे बघितलं. "साक्षीदाराच्या भावना दुखावल्या, असं नोंदवावं."

"तसं न्हाई म्हनले मी," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "बाई, तुमीच लिवा. हा पोरगा माझ्या घरात जेवला. तापात पडला तवा मी त्याच्या उशाशी बसले. त्यानं मला जवळून बघितलं आन् चार लोकांत नेऊन माझं हसं केलं. मी कशी बसते, कशी उठते. त्याच्यासाठी काई कलम हाय का?"

न्यायाधीश बाईंनी समोरची फाइल मिटली.

"तसं कलम नाही, आजी," त्या म्हणाल्या. "हे कलम धर्माचा अपमान मुद्दाम, दुष्टाव्याने केला तर लागतं. त्याने तसं केलं असं तुमचं म्हणणं आहे का?"

"त्याच्या मनातलं मला काय ठाव? दुष्ट न्हवता. आगाव व्हता." मग त्या म्हणाल्या, "आन् त्या दिसापासून देवी माझ्याकडं येत न्हाई. त्याचं काय लिवता का कुटं?"

न्यायाधीश बाईंनी टाइप करणाऱ्याला काहीतरी हळू सांगितलं. काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही. सरकारी वकील म्हणाले की साक्षीदार फितूर झाली आहे. आत्याबाईंनी मला नंतर विचारलं, फितूर म्हंजे काय, आणि मी सांगितलं. त्यांना तो शब्द लागला. माझ्या मते त्या चित्रणापेक्षाही जास्त.

जिन्याखाली निरंजन उभा होता. पुढे आला, वाकून पाया पडायला गेला. आत्याबाईंनी पाय मागे घेतले.

"मावशी, चुकलं माझं."

"तीन वरसं झाली."

"तेव्हाच येणार होतो. वकील म्हणाले, माफी मागितली की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. घरीही सगळे तेच म्हणाले."

"आन् मला म्हनले, त्याच्याशी बोलू नगा." आत्याबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. "त्या दिशी तू घरी आला आस्तास तर मी तुला दोन थोबाडीत दिल्या आस्त्या. मिटलं आस्तं."

त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झाले होते. मला एकदम त्याचं वय आठवेना.

"मावशी, मला तुम्ही फार आवडायचात," तो शेवटी म्हणाला. "म्हणून तर सगळं लक्षात राहिलं होतं. तुमचं हसं करायचं असं मनात नव्हतं. मग लोक हसायला लागले, आणि मला थांबता आलं नाही."

"व्हय, तसं व्हतं," आत्याबाई म्हणाल्या. "पर मला ते सांगून आता काय उपेग न्हाई, बाबा. तुझं गेलं ते गेलं, माझं गेलं ते गेलं. लगीन झालं का?"

"नाही. केस आहे म्हटल्यावर कोण देतंय."

त्यांनी मान हलवली. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. त्यानेही पुन्हा मागितलं नाही. आम्ही बसकडे निघालो, तो स्टेशनकडे गेला.

दोन हजार दहाच्या एप्रिलात निकाल लागला. निर्दोष. निरंजननेच मला फोन करून सांगितलं, आनंदाचा सूर नव्हता, काम आटोपल्यासारखं सांगितलं. दुसऱ्या दिवशी विलासभाऊजी टाइप केलेले कागद घेऊन आले.

"काकी, वर अपील करायला सरकारकडं अर्ज देऊ. असं सोडून चालायचं न्हाई. धर्माचा प्रश्न हाय."

"मी दमले रे, विलास."

"तुमाला काई करायचं न्हाई. फक्त सही."

"मागंबी तू हेच म्हनला व्हतास." त्यांनी कागद हातातही घेतले नाहीत. "तुला लई वाईट वाटलं आसंल तर तुझ्या सहीनं दे. मी अडवत न्हाई."

विलासभाऊजींनी चहा घेतला. थोडा वेळ रस्तारुंदीचं बोलले, मग कागद घेऊन निघून गेले. अपिलाचं पुढे काही ऐकलं नाही.

त्यानंतरच्या एका मंगळवारी बावधनकडच्या दोन बायका आल्या. मुलीला मूल होत नव्हतं, कुणीतरी पूर्वीच्या ऐकिवावर आमचा पत्ता दिला होता. आत्याबाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरला दाखवलं का ते विचारलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यातली मोठी म्हणाली, "आमाला देवीला इचारायचं व्हतं."

"हितं आता देवी येत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "माले गावात एक बाई हाय, सगुणाबाई म्हनून. तिच्याकडं जावा. पौडच्या पुढं गेलं की उतरा आन् कुनालाबी इचारा."

बायका उठल्या. आत्याबाई त्यांच्यासोबत फाट्यापर्यंत गेल्या, बस कुठे थांबते ते दाखवायला.