लेम्पीच्या नावाने

“हात जरा हळू चालवा,” कॉरीन फोन धरून म्हणाली. “चेहरा येत नाहीये, काळजी नको. फक्त कापड आणि चाक.”

लेम्पी हार्यूने कापड कापायचं गोल चाक उचलून निळ्या ताग्यावर पुन्हा एकदा टेकवलं. सकाळपासूनची ही तिसरी खेप. एवढ्या वेळात तिने गिऱ्हाइकांना वीस वार कापड मोजून, कापून, घडी घालून दिलं असतं.

“गेल्या वर्षापर्यंत फोटो चालायचा,” ती म्हणाली.

“आता नाही चालत. फोटो टाकला तर चाळीस जणांना दिसतो, व्हिडिओ टाकला तर चार हजारांना. तोही पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी हललं तरच.”

“आणि त्या चार हजारांतली किती माणसं माझ्या दुकानाची पायरी चढतात?”

कॉरीनने फोन दुसऱ्या कोनात धरला. तो हिशेब तिच्या धंद्यात कुणीच ठेवत नव्हतं. मिशिगनच्या या वरच्या टोकाला अकरा दुकानांची सोशल मीडियावरची पेजेस ती एकटी सांभाळायची. दोन बेकऱ्या, एक मोटेल, एक दातांचा डॉक्टर, असं करत करत लेम्पीचं हे गोधड्यांच्या कापडाचं दुकान. दर चार महिन्यांनी वर बसलेलं कुणीतरी नियम बदलायचं आणि कॉरीन अकराही मालकांना नव्याने समजावत फिरायची. कालपर्यंत जे बरोबर होतं ते आज का चूक, हे सांगताना तिचं तिलाच हसू यायचं.

सहा वर्षं ती लेम्पीच्या नावाने लिहीत होती. ‘नवा माल आलाय, कॉफी गरम आहे, या. लेम्पी.’ लेम्पीने ते पेज स्वतः कधी उघडून पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकांना मात्र लेम्पीच बोलतेय असं वाटायचं, आणि तसंच वाटावं म्हणून तर कॉरीनला नेमलेलं होतं.

“हे निळं विकून टाकावं म्हणते,” लेम्पी चाक खाली ठेवत म्हणाली. “इर्मासाठी मागवलं होतं. तिच्या नवऱ्याच्या, वॉल्टरच्या गोधडीला अस्तर.”

“इर्मा टोलोनेन? त्यांनी नेलं नाही?”

“कशाला नेईल? वॉल्टर गेला. तीन आठवडे झाले.” लेम्पीने ताग्यावरचा एक नसलेला धागा उचलला. “मला पेपरात वाचून कळलं बघ. शुक्रवारी सकाळी पेपर उघडला, तर अकरा वाजता चर्चमध्ये विधी. होते तशी गाडी काढून चाळीस मैल गेले. आणि तिथे हॉलमध्ये कॉफीवर कोण उभी? तिच्या शेजारच्या पेन्टिलाची सून.”

कॉरीन स्वतः लेम्पी-इर्मासारखी फिनलंडकडच्या घराण्यातली, फिनिश नव्हती, पण जन्मापासून या लोकांत वाढलेली होती. मयताच्या जेवणाची कॉफी सगळ्यांत जवळच्या मैत्रिणीने करायची असते. दुसरीच कुणी उभी दिसली की चर्चमधली झाडून सगळी माणसं काय समजायचं ते समजतात.

“माझा नवरा गेला तेव्हा इर्माने केली होती. एकटीने, दीडशे माणसांची. आणि आता मी तिथे पोचले तर माझ्याकडे बघून तोंड फिरवलं तिने.” लेम्पी ताग्याशी बोलत असल्यासारखी बोलत होती. “चाळीस वर्षांची मैत्री गं, आणि साधा निरोप नाही. माझं काय चुकलं एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं मला.”

“फोन केला नाहीत नंतर?”

“दोनदा. उचलत नाही. कार्ड पाठवलं, त्याचंही उत्तर नाही.”

कॉरीनने फोन खिशात घातला. साधा निरोप नाही, हे लेम्पीचे शब्द तिच्या कानात राहिले होते. व्हिडिओ झाला म्हणाली आणि बाहेर पडली.

गाडीत बसून तिने पेजवर आलेले निरोप उघडले. इर्मा टोलोनेनचा शेवटचा निरोप तीन आठवड्यांपूर्वीच्या बुधवारचा होता.

‘लेम्पी, वॉल्टर काल पहाटे गेला. निळं अस्तर आता कापू नकोस. शुक्रवारी अकराला चर्च आहे. कॉफीचं तू बघशील ना? मला दुसऱ्या कुणाला विचारवत नाही.’

खाली त्याच मिनिटाला गेलेलं उत्तर होतं.

‘धन्यवाद, इर्मा! तुझी कापायची ऑर्डर रद्द केली आहे. या आठवड्यात फुलाफुलांच्या सगळ्या कापडांवर वीस टक्के सूट. शिवत राहा, हसत राहा! लेम्पी.’ शेवटी ट्यूलिपचं चित्र.

त्यापुढे इर्माने काही लिहिलं नव्हतं.

कॉरीनने ते तीनदा वाचलं. जानेवारीत नियम बदलले होते. जे पेज पाच मिनिटांत उत्तर देईल तेच लोकांना जास्त दाखवायचं, असं वरच्यांनी ठरवलं. अकरा दुकानांसाठी कॉरीनला हात दोनच. मग तिने उत्तरं देणारं एक एआय मशीन घेतलं. गिऱ्हाइकाने काहीही लिहिलं की ते आपल्या मनाने त्याला उत्तर द्यायचं. फक्त दुकानाची वेळ, भाव आणि ऑर्डर रद्द करणं या तीन बाबतींत त्याने भलतंसलतं बोलू नये, म्हणून तिथली वाक्यं कॉरीनने स्वतः लिहून दिली होती. ‘कापू नकोस’ आलं की हे उत्तर जायचं, अक्षरन् अक्षर तिचं. सूटही तिचीच आणि ट्यूलिपही. फोन करू नका, पेजवर लिहा, ही पाटी दुकानाच्या दारावर लावायला तिनेच सांगितलं होतं. सगळे निरोप रोज संध्याकाळी डोळ्यांखालून घालायचे असं तिने स्वतःला बजावलं होतं. ते दोन आठवडे टिकलं.

परत दुकानात जाऊन लेम्पीला सांगायला हवं होतं. दार बारा पावलांवर होतं. कॉरीनने गाडी सुरू केली आणि उत्तरेचा रस्ता धरला. आधी इर्माची समजूत घालावी, मग लेम्पीला सांगणं सोपं जाईल, असं ती चाळीस मैल स्वतःला सांगत राहिली. खरं म्हणजे तिला लेम्पीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

इर्मा टोलोनेनने दार अर्धंच उघडलं. अंगात पुरुषाचा लोकरी स्वेटर होता, बाह्या दुमडलेल्या.

“काही विकायला आला असाल तर मला नको.”

“लेम्पीच्या दुकानातून आलेय मी. कॉरीन बोड्री.”

इर्माने दार लावलं नाही, पण पुढे उघडलंही नाही.

“तुमचा निरोप लेम्पीने वाचलाच नाही, मिसेस टोलोनेन. त्यांच्यापर्यंत तो गेलाच नाही. त्या कधीच ते पेज बघत नाहीत. त्यांच्या नावाने उत्तरं मी देते.” कॉरीन एक पायरी वर चढली. “मी, आणि जानेवारीपासून एक मशीन. मी माफी मागायला आलेय.”

म्हातारीने दार पुरतं उघडलं. मग बाजूला झाली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर गोधडी पसरलेली होती. तुकडे निळे-करडे, बहुतेक जुन्या शर्टांचे. मागे अस्तर म्हणून साधी पांढरी चादर लावली होती. इर्माने गोधडीचा एक कोपरा मागे सारून कॉफीपुरती जागा केली आणि वेलदोड्याच्या पावाचे दोन काप ताटलीत ठेवले. मनात काहीही असलं तरी आलेल्या माणसाला कॉफी दिल्याशिवाय या घरातून सोडत नसत.

“म्हणजे लेम्पीला ठाऊकच नव्हतं.”

“नाही. पेपरात वाचून आल्या त्या. अजून विचारतायत, माझं काय चुकलं म्हणून.”

इर्माने डोळ्यांवर हात धरला.

“आणि मी तिला कॉफीसुद्धा विचारली नाही,” ती म्हणाली. “समोर उभी होती बिचारी. मी म्हटलं, ही मला सूट देते? वॉल्टरला अजून माती दिली नाही अन् ही मला सूट देते?” तिने हात खाली घेतला. “ते मशीनचं होतं तर. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं. जिवंत माणसाच्या हातून असं लिहून होणार नाही.”

कॉरीनने तोंड उघडलं. ती वाक्यं तिने जानेवारीत स्वतःच्या टेबलावर बसून लिहिली होती, कामाचा निपटारा झाला म्हणून खुशीत. आता बोलायला हवं होतं. तिने पावाचा काप उचलला आणि तोंडात घातला.

इर्मा उठली आणि भिंतीवरच्या फोनवरून नंबर फिरवला. “लेम्पी? मी गं. नाही, तू आधी ऐक.” मग ती फिनिशमध्ये बोलायला लागली. कॉरीनला त्यातलं फारसं समजलं नाही. मध्ये एकदा ‘मशीन’ ऐकू आलं, एकदा तिचं स्वतःचं नाव, आणि मग इर्मा रडत रडत हसली. पलीकडूनही तसाच आवाज येत होता. शनिवारी लेम्पी यायची आहे, निळं अस्तर घेऊन, आणि ती पांढरी चादर दोघी मिळून उसवणार आहेत, एवढं इर्माने फोन ठेवल्यावर सांगितलं.

कॉरीनचा जीव भांड्यात पडला. ती कोटाकडे बघायला लागली.

“थांब जरा,” इर्मा म्हणाली. मघाचं ‘तुम्ही’ कधी गळून पडलं ते दोघींनाही कळलं नव्हतं. तिने चष्म्याच्या डबीतून घडी घातलेला एक कागद काढला. “हे लेम्पीचं आहे असं मी धरून होते. आता तेही तिचं नाही म्हणायचं.”

कागदावर पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत उतरवून घेतलेलं होतं. वर फेब्रुवारीची तारीख होती. त्या दिवशी वॉल्टरला इर्माचं नाव आठवलं नव्हतं. हातात शिवण आहे पण आता कशासाठी शिवायचं ते कळत नाही, असं इर्माने दुपारी दुकानाच्या पेजवर लिहिलं होतं. त्याचं हे उत्तर.

‘त्याला नाव आठवलं नसेल, पण तुझे हात त्याच्या ओळखीचे आहेत. शिवण त्याच्या शेजारी बसून कर. बोलायलाच हवं असं नाही. एक चौकोन पुरा झाला तर आजचा दिवस पुरा झाला.’

“दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या पलंगाशी बसून शिवायला लागले,” इर्मा म्हणाली. “तो कापडाचं टोक धरून ठेवायचा. घट्ट. शेवटपर्यंत धरायचा. हे आलं नसतं तर मी ही सगळी पोतडी बाहेर टाकून दिली असती.”

कॉरीनने कागद पुन्हा वाचला. तिने स्वतः इर्माला पाठवलेली उत्तरं तिला आठवत होती. ‘कापड आलंय.’ ‘मंगळवारनंतर या.’ एकदा घाईत नुसतं बदामाचं चित्र. कागदावरचं एकही वाक्य तिचं नव्हतं, ते मशीनने आपल्या मनाने लिहिलेलं होतं. फेब्रुवारीत ती कुठलाच निरोप वाचत नव्हती.

“हे तू लिहिलंस ना?”

इर्मा चष्म्यावरून तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत शंका नव्हती. तिला फक्त ऐकायचं होतं. कुणीच लिहिलं नाही असं सांगितलं, तर त्या दोन महिन्यांत या बाईच्या शेजारी कोण बसलं होतं?

“हो,” कॉरीन म्हणाली.

“वाटलंच मला. दाराशी बघितलं तेव्हाच वाटलं.” इर्माने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. तो हात कोरडा आणि गरम होता. कॉरीनला मनगट काढून घ्यावंसं वाटलं आणि त्याचीही तिला लाज वाटली.

मग इर्माने गोधडी उलटी केली. खालच्या कोपऱ्यात तिने हाताएवढी एक पांढरी पट्टी टाचून ठेवली होती. गोधडीवर नाव लागतं. कुणी केली, कुणासाठी केली, केव्हा पुरी झाली. नावाशिवायची गोधडी चर्चच्या बायका कुणाच्या अंगावर घालू देत नाहीत. पट्टीवर वॉल्टरचं नाव आणि इर्माचं नाव आधीच लिहिलेलं होतं, खाली जागा मोकळी होती.

“एक चौकोन पुरा झाला तर आजचा दिवस पुरा झाला,” इर्मा पुटपुटत, जीभ दातांत धरून, कापडावर लिहीत गेली. ओळ संपल्यावर तिने पेन वर धरलं. “आणि खाली ज्याचे शब्द त्याचं नाव. तुझं पुरं नाव सांग, पोरी.”

कॉरीनने कॉफीचा कप बाजूला सरकवला.

“कॉरीन मेरी बोड्री,” ती म्हणाली.

इर्माने त्या ओळीखाली ते सावकाश, एकेक अक्षर सरळ ठेवत लिहिलं. मग पट्टीवर फुंकर घातली आणि गोधडी कॉरीनपुढे सरकवली.

“बघ नीट आलंय का. पण हात लावू नकोस, शाई ओली आहे.”

कॉरीनने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.