भरवणारा हात

पोषण वर्गात नजीरा नेहमी दाराजवळ बसायची. पुढं जागा असली तरी सरकायची नाही. मार्केट यार्डामागच्या वस्तीतल्या समाजमंदिरात अनुजाताई दर बुधवारी शेगडी मांडायच्या, समोर खिचडी शिजवायच्या आणि लहान मुलांना काय, किती आणि कसं खायला द्यायचं ते सांगायच्या.

"दोन वर्षांच्या पोराचं पोट केवढंसं असतं? पाणीदार वरण घातलं की भरलं. म्हणून घट्ट शिजवायचं, वर तेल, शेंगदाण्याचं कूट, जमलं तर अंडं कुस्करून."

"अंडं आमच्या मालकाच्या तावडीतनं सुटलं तर पोराला मिळणार की, ताई," क्रांती म्हणाली.

"मालकाला सांग, तुमची उंची वाढायची थांबली, आता नुसतं पोट वाढतंय."

बायका खदाखदा हसल्या. नजीराही हसली, पण ओढणी तोंडावर धरून. ती सवय आजारपणातली होती.

गेल्या वर्षी तिला टीबी झाला. तिची लेक मेहक तेव्हा जेमतेम रांगत होती. त्याच दिवशी सासूनं, हलीमाबीनं, पोरीला उचलून आपल्या बिछान्यात घेतलं आणि नजीराचं ताट मोरीजवळ गेलं. बाकी सगळे पूर्वीसारखे एका मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवायचे. नजीरा आपलं ताट आपणच घासायची, वेगळ्या कोपऱ्यात पालथं घालायची. गोळ्यांचा कोर्स संपला, तपासणी स्वच्छ आली, डॉक्टर म्हणाले, बऱ्या झालात. घरात कुणी म्हणालं नाही की आता थाळ्यावर ये. तिनंही विचारलं नाही. आत काही उरलं असेल तर? पोरीला लागलं तर?

मेहकला भरवायची हलीमाबी, म्हणून वर्गाला खरं तर तिनंच जायचं, पण तिचे गुडघे धरलेले. म्हणून नजीरा यायची आणि ऐकलेलं सगळं तिच्या डोक्यात पक्कं बसायचं. घरी परत गेलं की मोरीजवळून ती बघायची. मेहक आजीच्या मांडीवर बसून चहात खारी बुडवून खात असायची. चहानं भूक मरते, हे तिला ठाऊक होतं. बोलायची हिंमत नव्हती. जिनं पोरीला वर्षभर सांभाळलं, तिला काय शिकवायचं?

त्या बुधवारी वजनं झाली. क्रांतीनं कडेवर आणलेल्या मेहकचं वजन घटलं होतं. ताईंनी काट्यावर पुन्हा ठेवून पाहिलं, काटा तिथंच थांबला. मग सगळ्या मुलांना त्यांनी स्टीलची एकेक वाटी दिली. "मुलाचं वाढून वेगळं ठेवा. थाळ्यात हात घातला की किती पोटात गेलं ते कळत नाही."

नजीरानं वाटी घरी नेली. हलीमाबीनं ती हातातसुद्धा घेतली नाही.

"वेगळी वाटी? माझ्या नातीला? एक ताट वेगळं हाय घरात, तेवढं बास न्हाय व्हय?"

वाटी फळीवर गेली.

दोन दिवसांनी अनुजाताई स्वतःच दारात आल्या. त्यांना वाटीबद्दल विचारायचं होतं, पण आत आल्या तेव्हा जेवणं चालली होती. त्यांची नजर थाळ्यावरून मोरीकडं गेली.

"या तिकडं का बसल्यात?"

"तिला ते झालतं न्हवं," हलीमाबी आवाज बारीक करून म्हणाली. "शेजाऱ्यांना म्हाईत न्हाय."

ताई खाली बसल्या. हळू आवाजात, पण सोपं करून त्यांनी सांगितलं. हा आजार खोकल्यातून, हवेतून पसरतो. ताटवाटीतून नाही, एका थाळ्यात जेवल्यानं नाही. आणि आता तर नजीरा बरी झाली आहे. "त्यांच्या हातचं पोरीनं खाल्लं तरी काही होणार नाही. पण वजन घटतंय, म्हणून मेहकलाही एकदा तपासून आणू. मी येते सोबत."

हलीमाबीचा हात थाळ्यातच थांबला. "मग हे आधी कुणी सांगितलं न्हाय की, बाई."

नजीराच्या नवऱ्यानं, नौमाननं, बायकोकडं पाहिलं, आणि नजर खाली वळवली. थोडा सरकून त्यानं आपल्या शेजारी जागा केली. "ये," तो म्हणाला. नजीरा उठली आणि थाळ्याच्या कडेला येऊन बसली.

मेहकची तपासणी स्वच्छ आली. छातीत काही नव्हतं, अंगावर मांस नव्हतं एवढंच.

त्या संध्याकाळी नजीरानं मुगाची खिचडी शिजवली, घट्ट. वर तेल सोडलं, कूट घातलं, अंडं कुस्करलं. हात धुतले. मग वाटी घेऊन ती लेकीसमोर बसली. वर्षभर ज्या घासासाठी जीव तुटत होता, तो तिच्या बोटांत होता.

"घे, माझी बाय."

मेहकनं त्या हाताकडं पाहिलं. मग तोंड फिरवून आजीच्या पदरात खुपसलं.

"अगं, आई हाय तुझी!" हलीमाबी म्हणाली.

"नजीरा जा," मेहक म्हणाली. घरातले सगळे मारायचे तशी नावानं हाक.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी घास ओठांना लागला तशी पोरगी रडून रडून काळीनिळी झाली आणि पाणीसुद्धा घेईना. हलीमाबीचेही डोळे भरले. "माझ्यामुळंच झालं बघ हे," ती म्हणाली.

नजीरानं लेकीच्या मनगटाकडं पाहिलं. कातडीखाली हाड स्पष्ट दिसत होतं. रुसवा निघायची वाट बघायला वेळ नव्हता.

"तसं म्हणू नका, अम्मा," ती म्हणाली आणि खिचडी सासूच्या हातात दिली. "तुम्ही भरवा."

मेहकनं आजीच्या हातून पहिला घास घेतला. चावला. गिळला. दुसऱ्यासाठी तोंड उघडलं.

नजीरा समोरच बसली, पोरीला दिसणार नाही अशी थोडी कडेला.

"लहान घास करा, अम्मा," ती म्हणाली. "घाई करू नका. खातीय ती."