जास्तीची मूठ

पुनमच्या खेळाला कोणी घाबरेना. पारोळ्याजवळच्या खेड्यातली ही पोर जळगावात खोली घेऊन, धुळ्याच्या हितेंद्रला सोबत धरून भीतीचा व्हिडिओ गेम बनवायला बसली होती, आणि त्यात तिने काय काय ठेवलं नव्हतं? केस मोकळे सोडलेली बाई होती, आपोआप हलणारा झोका होता, नळातून येणारं रक्त होतं. धुळ्यातल्या कॉलेजच्या पोरांनी तो भजी खात खात खेळून पाहिला, आणि रक्ताच्या नळापाशी तर एकाला हसता हसता ठसका लागला. पुनमला रडू यायचं बाकी राहिलं. हितेंद्र म्हणाला, "अगं, हे भूत सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. ओळखीच्याला कोण घाबरतं?"

मग श्रावणात कानबाईच्या सणासाठी ती घरी गेली. कानबाईच्या रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतात. त्याच पिठाचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, होतात, आणि ते घरच्यांनीच खायचे. बाहेर द्यायचे नाहीत, उरवायचे नाहीत. बायकांच्या नावाची मूठ नसते. लहानपणी पुनमने एकदा "मनी मूठ कोठे शे?" म्हणून विचारलं होतं, तेव्हा तिची आई वच्छलाबाई हसून म्हणाली होती, "पोरीस्नी मूठ नही ऱ्हास वं." हसून सांगितलं म्हणून ते लागायचं राहिलं नाही.

गेमसाठी खऱ्या स्वयंपाकघराचे आवाज हवेत म्हणून पुनमने फोनवर रेकॉर्डिंग लावून तो कोनाड्यात ठेवला. आई नवऱ्याचं नाव घेत नसे, म्हणून पहिली मूठ "यास्नी". मग काकांची, "प्रेमराजनी." मग चुलतभावाची, "नवीननी." आणि त्याच सुरात, हात जराही न थबकता, "समाधाननी."

समाधान हा पुनमचा भाऊ. धुळ्याला जाताना महामार्गावर त्याची मोटारसायकल ट्रकखाली आली, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. मंदाकाकू सूप धरून बसली होती, तिने मान वर करून वच्छलाबाईंकडे पाहिलं. पण कोणी चकार शब्द काढला नाही. गहू दळले गेले, रोट झाले, आणि समाधानच्या वाट्याचा रोट पुनमचे वडील खाली मान घालून खात राहिले. घास उतरत नव्हता, पण उरवून चालणार नव्हतं.

पुनम जळगावला परतली आणि तिने बाई, झोका, रक्त सगळं उपटून फेकलं. बरंच केलं म्हणायचं. नव्या खेळात एक साधं स्वयंपाकघर उरलं. खेळणाऱ्याने सुपात मुठी टाकायच्या, मागून आईचा रेकॉर्ड केलेला आवाज नावं घेतो आणि एक नाव जास्तीचं येतं. मग ताटं मांडायची, तर एक ताट जास्तीचं. ते संपवल्याशिवाय उठायचं नाही, आणि तेवढ्यात दारावर थाप पडू लागते. दार उघडता येत होतं, पण एकाही खेळणाऱ्याने ते उघडलं नाही. सगळे जेवत राहिले.

धुळ्यात भूमिका नावाच्या मुलीने हेडफोन काढले तेव्हा तिचे गाल ओले होते, आणि पुढच्याच क्षणी ती म्हणाली, "परत लाव ना!"

"रडत होतीस की गं," पुनम म्हणाली.

"मग काय झालं? इथून घरी जाऊन आईच्या हातचं गरम जेवणारे मी."

पुनमला हसू आलं आणि तेवढीच चीडही आली. भीतीची मजा सगळी तिथेच होती. ज्याला खेळ बंद करून घरी जाता येतं, त्यालाच ती मिळते. ज्याच्या घरातच ते ताट मांडलेलं आहे त्याने कुठे जायचं?

पुण्याची एक कंपनी हा खेळ बाजारात काढायला तयार झाली. अट एकच, जिचा आवाज आहे तिची परवानगी पाहिजे. पुनमने हितेंद्रच्या मावशीचा आवाज घालून पाहिला. मावशीने नावं अशी घेतली, जणू शाळेत हजेरी चाललीय. भीती पार गेली. म्हणजे आई नाही म्हणाली तर खेळ संपला, आणि हो म्हणण्याआधी तिला तो दाखवावा लागणार. आईला न विचारता तिचं दुःख उचलून आणलं, ही चोरीच झाली, हे पुनमला पुरतं ठाऊक होतं.

ती घरी गेली. दुपारी जेवणं उरकल्यावर तिने आईला खाटेवर बसवलं, लॅपटॉप पुढ्यात ठेवला, हेडफोन न लावता आवाज मोकळा सोडला आणि कोणतं बटण कशाचं ते दाखवलं. वच्छलाबाईंनी पदर खोचला आणि त्या खऱ्या सुपापुढे बसावं तशा बसल्या.

"हाऊ ते मना आवाज शे," त्या म्हणाल्या.

"हा, माय."

समाधानचं नाव आलं. पुनमने खाटेची कड घट्ट धरली. आईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ताटं मांडली गेली, दारावर थाप पडली, आणि वच्छलाबाईंनी ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दार कसं उघाडतंस?"

"माय, तठे काहीच नही शे."

"उघाड म्हंतस ना!"

पुनमने बटण दाबलं. दार उघडलं. पलीकडे नुसता काळा पडदा, कारण तिथे काही दाखवलं की भीती जाते म्हणून पुनमने तिथे काही बनवलंच नव्हतं. वच्छलाबाई त्या काळ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"ती मूठ मी चुकीसन नही टाकी," त्या म्हणाल्या. "माले याद व्हती. कोनी ते बोलीन, कोनी ते रडीन मनासंगे, असं वाटनं. बठ्ठा गप बठनात. मंग मीबी गप ऱ्हायनू."

पुनमला आता रडू आवरेना. आपणही त्या दिवशी गप्प बसलो होतो, वर फोन लावून ठेवला होता. "काढी टाकस मी तुना आवाज," ती म्हणाली. "खेळबी नको."

"नको काढू. ऱ्हाऊ दे." वच्छलाबाईंनी तिचे डोळे पदराने पुसले. "पन यामा तू कोठे शे?"

"मी खेळस ना. खेळनारा दिखत नही."

"आनि तुनं नाव?"

"पोरीस्नी मूठ नही ऱ्हास, माय."

हे जरा टोचून बोललं गेलं, आणि तिला ते परत घ्यावंसंही वाटलं नाही. दार उघडल्यावर थाप थांबवायचं पुनमने खेळात घातलंच नव्हतं, ती अजून पडतच होती.

"लोकस्ले जसं शे तसंच दे," वच्छलाबाई शेवटी म्हणाल्या. "पन मनासाठे एक येगळं कर. त्या दारमांगे कोनीतरी ठेव."

"समाधानले?"

"तो आते येत नही, माले समजस. तू येस ना घर? तुले ठेव."

पुनम हो म्हणाली आणि लॅपटॉप मांडीवर ओढून कामाला बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की दारामागे उभ्या करायच्या मुलीला, म्हणजे स्वतःलाच, तिने खेळात अजून चेहराच दिलेला नव्हता.