राणीचा द्वारपाल

“मग पंखेवाले, गोष्ट कुणाच्या डोळ्यांनी सांगायची?”

ग्रंथपालाने टाइप केलेली पानं दुकानातल्या टेबलावर ठेवली. पंखेवाल्याने मान वर केली नाही. जळलेल्या पंख्याच्या मोटारीत तो नवी तार भरत होता. बायको गेल्याला अजून वर्ष झालं नव्हतं, आणि तिच्या कादंबरीची पानं परक्या माणसाच्या पिशवीतून बाहेर निघत होती.

ती शाळेचे गणवेश शिवायची. मशीन बंद केलं की जादूच्या राज्याची कादंबरी लिहायची. पहिलं प्रकरण तिने नवऱ्यालाच वाचून दाखवलं होतं, पण राणी सिंहासनावर बसायच्या आत तो घोरायला लागला. मग तिने ग्रंथालयाची वाट धरली. ती वाचायची, ग्रंथपाल टाइप करायचा. पंख्याला तेल घालायच्या निमित्ताने पंखेवाला एकदा तिथे जाऊन दोघांच्या खुर्च्या किती जवळ आहेत ते पाहून आला होता. पंख्याला काही झालेलं नव्हतं.

“सुरुवात त्यांनी दोन तऱ्हांनी लिहून पाहिली,” ग्रंथपाल चष्मा काढत म्हणाला. “एकदा जादूगाराच्या डोळ्यांनी, एकदा द्वारपालाच्या. ठरवायचं राहून गेलं. मी कादंबरी पुरी करीन म्हणतो, पण तुमच्या परवानगीशिवाय नाही. मला विचाराल तर जादूगार घ्यावा. राणीच्या मनातलं सगळं त्याला कळतं.”

“कळणारच. तो चष्मा शर्टाच्या टोकाने पुसतो का?”

ग्रंथपालाचा हात शर्टाच्या टोकावरच थांबला. “पुसतो,” तो ओशाळून म्हणाला.

“आणि मी कोण आहे त्यात?”

“बाबा, तुम्ही तो अजगर,” चहा घेऊन आलेली लेक म्हणाली. “राणीशी कुणी दोन शब्द बोललं की नाकातून धूर.”

ग्रंथपाल हसला. पंखेवाल्याच्या नाकातून धूर निघायचाच काय तो बाकी होता.

“द्वारपाल का नको?” त्याने विचारलं. जादूगार सोडून कुणीही चाललं असतं.

“तो बिचारा दारातच उभा. राणी जाते आणि येते, एवढंच त्याला दिसतं. महालात काय चाललंय याचा पत्ता नाही. गोष्ट तिथेच अडकते हो. शिवाय त्या प्रकरणात एक चूक होती. राणी त्याला सारखी अहो म्हणते. नुसतं अहो! पुढे ना नाव, ना हुद्दा. राणी नोकराला अहो कशी म्हणेल? मी सगळीकडे अरे करून टाकलं.”

पंखेवाल्याच्या हातातली तार सुटली. भरलेले वेढे सैल पडले. लेक रस्त्याकडे बघायला लागली.

“तिला विचारलंत?”

“विचारलं ना. हसल्या. म्हणाल्या, राहू द्या. मला वाटलं, ‘अरे’च राहू द्या म्हणताहेत.”

“तुमचं लग्न झालेलं नाही, नाही का?”

“नाही. का?” असं म्हणता म्हणता ग्रंथपालाने पानांकडे पाहिलं, मग पंखेवाल्याकडे. त्याचे कान लाल झाले. “मला लोक ‘अहो ग्रंथपाल’ म्हणतात,” तो हळूच म्हणाला. “नुसतं अहो कधी कुणी...”

त्याने खिशातलं पेन काढलं आणि तिथेच दुरुस्त्या करायला बसला. नुसतं अरेचं अहो करून भागत नव्हतं. ‘जेवलास’चं ‘जेवलात’ करावं लागत होतं, ‘थांब’चं ‘थांबा’. चहा गार झाला. पंखेवाला त्याच्या खांद्यावरून वाकून बघत राहिला, एखादं सुटू नये म्हणून.

“तर मग द्वारपाल,” ग्रंथपाल शेवटी म्हणाला. “पण महालातलं कसं सांगायचं? त्याला काहीच माहीत नसतं.”

पंखेवाल्याने सुटलेली तार पुन्हा गुंडाळायला घेतली.

“तो जादूगाराला विचारतो,” मग तो म्हणाला. “राणी आज काय बोलली, कशाला हसली. विचारताना जळतो, पण विचारतो. तेवढं तुम्ही मला सांगा.”

ग्रंथपालाने मान हलवली. पहिलं पान उचलून तो दुरुस्त केलेली ओळ वाचायला लागला. “अहो, दार...”

“थांबा!” पंखेवाला एकदम ओरडला. आपलाच आवाज ऐकून तो वरमला. “द्या इकडे. ते मी वाचतो.”

हात पुसून त्याने पान घेतलं. ओळीवर बोट ठेवून, अक्षर लावत लावत तो वाचू लागला. “राणी परत आली. दार बंद होतं. तिने कडी वाजवली आणि म्हणाली...”

बोट थांबलं. हा शब्द त्याने संसारभर ऐकला होता, ओट्यापाशी, जिन्यात, दवाखान्याच्या खाटेवरून. स्वतःच्या तोंडाने म्हणायची वेळ कधी आली नव्हती.

“वाचा ना, बाबा,” लेक म्हणाली.

तो शब्द बोटाखाली तसाच झाकून ठेवत त्याने पुढचं वाचलं, “दार उघडा.”