आटे जुळले म्हणून

“आपल्याकडे नसेल तर सरळ नाही म्हण. भलतंच काही गळ्यात मारू नकोस.” गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान मुलाच्या हाती देताना वडील एवढंच म्हणाले होते. पुढे ते गेले, आणि दुकानातला ‘नाही’ हा शब्दही हळूहळू मागे पडला.

शेजारचे शिंपीमामा त्या दिवशी घाईत आले. घाटापलीकडच्या गावी त्यांची मावशी शेवटच्या घटका मोजत होती आणि म्हाताऱ्या आईला बहिणीला एकदा डोळे भरून पाहायचं होतं. त्यासाठी जुन्या गाडीच्या इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग बदलायला हवे होते. हवा तो नंबर दुकानात नव्हता. दुकानदाराने दुसरीच डबी पुढे सरकवली.

“हे चालतील?”

“आटे तेच, लांबी तीच. बिनघोर जा, मामा.”

दिसायला दोन्ही प्लग जुळे भाऊ. पण हवा होता तो उष्णता पटकन सोडतो, दिलेला धरून ठेवतो. बाजारापर्यंत फिरताना फरक कळत नाही, लांब चढावर इंजिन तापलं की कळतो. दुकानदाराला हे ठाऊक होतं.

घाटात इंजिन तापून आतल्या पिस्टनला भोक पडलं. गाडी दोराने ओढून आणावी लागली. मामांच्या आईला, म्हणजे आजींना, बहिणीला न भेटताच परतावं लागलं.

“तुझा काय दोष?” संध्याकाळी शिंपीमामा दुकानात टेकून म्हणाले. “गाडी जुनी, आई जुनी. दोघींनाही चढ सोसेना.” ते हसले. दुकानदाराला मात्र मान वर करवेना.

घरी त्याने ताट तसंच बाजूला सारलं. बायकोने खोदून विचारल्यावर त्याने सगळं सांगितलं.

“मग हे मामांना बोललात?”

“ते गाडीलाच दोष देतायत. कशाला उगाच...”

“म्हणजे आपली चूक त्या माउलीच्या नशिबावर ढकलायची?” तिचा आवाज जराही चढला नाही. “अहो, माल संपला हा काही गुन्हा नव्हता. नाही म्हणायचं तुमच्या जिवावर आलं, आणि भोगलं त्यांनी. देवापुढे हात जोडताना हे आठवणार नाही का? बहीण अजून आहे ना त्यांची?”

“आहे. पण आज-उद्याचंच...”

“मग बसलात काय?”

तो शेजारी गेला आणि उभ्या उभ्याच खरं सांगून मोकळा झाला. शिंपीमामांनी कात्री खाली ठेवली. खाटेवरून आजी म्हणाल्या, “म्हणजे माझ्या नशिबात नव्हतं, असं नाही तर.”

“पहाटे मी नेतो तुम्हाला, आजी. माझ्या गाडीने.”

शिंपीमामा त्याच्याकडे न बघता म्हणाले, “पुढे बसव तिला. मागे मळमळतं.”

वाचकहो, ‘चालतंय’ म्हणणारा एक असतो, सोसणारा दुसराच. दुकान असो, कचेरी असो की घर, नसलेल्याला नाही म्हणण्यात कमीपणा नाही. खोट्या होकाराची भरपाई मात्र दर वेळी करता येतेच असं नाही.

पहाटे दुकानदाराने पुढच्या सीटवर उशी ठेवली. पलीकडे बहीण अजून वाट पाहत असेल का, कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याने आजींना हात देऊन बसवलं, आवाज न करता दार लावलं आणि गाडी घाटाच्या रस्त्याला काढली.