आडवा काप

धनराजने सागाची पट्टी काटकोन धरणाऱ्या सरकत्या गुण्याला घट्ट टेकवली आणि मशीन चालू केलं. गोल पातं घरघरू लागलं. आडवा काप घेताना तो कधीच पात्याच्या रेषेत उभा राहत नसे. आजही बाजूलाच उभा होता. लांबीच्या मापाची लोखंडी पट्टीही त्याने पार दूर सरकवली होती. लाकूड तिच्यात आणि पात्यात अडकलं तर उलटं छातीवर येतं, हे तो गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकवायचा.

हात मात्र हल्ली त्याचं ऐकत नव्हता.

त्याची बायको ललिता दाराशी पॉलिशचा बोळा धरून उभी होती. चौरंगाचा पाय कापून झाला. पातं अजून फिरत होतं, आणि पलीकडे पडलेला तुकडा उचलायला धनराजचा डावा हात पुढे गेला. पातं थांबल्याशिवाय त्याने तुकड्याला कधी हात लावला नव्हता. हात थरथरत पात्याला लागता लागता राहिला. धनराजने मागे वळून पाहिलं नाही. त्याने दुसरी पट्टी उचलली.

अंबडला हे शेड घेतलं तेव्हा तो म्हणाला होता, "ये, तुलाही शिकवतो. जोडीनं करू."

"मला नाही बाई जमायचं," असं म्हणून ती हसली होती. तो पुन्हा एकदा म्हणाला, ती पुन्हा हसली. मग त्याने विषय काढला नाही. तिला भीती मशीनची नव्हतीच. तो आहे ना करायला, एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं.

तिने बोळा खाली ठेवला, भिंतीपाशी गेली आणि मेन स्विच बंद केला.

पातं हळूहळू थांबलं.

"काय झालं?"

"लाईट गेली."

ती आणखी काही बोलणार, तोच भिंतीपलीकडे शेजारच्या शेडमधल्या भिकाचं ग्राइंडर करकरलं. मघापासून ते चालूच असावं. आता स्वच्छ ऐकू येत होतं. दोन्ही शेडना लाईन एकच. ललिताने मान खाली घातली.

धनराज भिंतीकडे बघत ऐकत राहिला. मग त्याने सागाची पट्टी जपून टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसला.

"अहो, येईल इतक्यात," ती कशीबशी म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. "आज काही यायची नाही. तू बस जरा."

ती त्याच्याजवळ बसली. पलीकडचं ग्राइंडर अजून चालूच होतं.