मोकळ्या खळ्याचं पहिलं चित्र

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. नौपाड्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या कपाटावर माझा मुक्काम आहे. काचेवर बुरशी चढली आहे, पण तोंड अजून शाबूत आहे. तेव्हा ऐका.

उमेदीच्या काळात मी लग्नं टिपली. शहाडपासून आंबिवलीपर्यंत माझ्याशिवाय कुणाची हळद लागत नसे! मग खिशात मावतील असे चिमुकले कॅमेरे आले आणि मालकाने मला या क्लासला देऊन टाकलं. इथे मला कलावतीने उचललं. ही ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली मुलगी, क्लासमधली सगळ्यात हुशार. ती एक प्रोग्रॅम लिहीत होती. चित्रातलं हलणारं तेवढं वेगळं काढायचा. युक्ती साधी होती. आधी मोकळ्या जागेचं एक चित्र घ्यायचं आणि पुढचं प्रत्येक चित्र त्याच्याशी ताडून बघायचं. जे तसंच आहे ते काळं, जे बदललं ते पांढरं.

शहाण्णव साली तिच्या घरी भांडण पेटलं. त्यांच्या खळ्यावर, म्हणजे मासळी वाळवायच्या अंगणात, सोललेली कोळंबी वाळत असे. तिचे सोडे रोज कमी भरू लागले. राखणीला होती कलावतीची आजी, दगडाबाई. नाव सार्थ करणारी बाई! एकदा बसली की दुपारपर्यंत हलायची नाही. कावळासुद्धा नुसत्या 'हाऽऽड'वर उडवायची.

"आये, तू डुलक्या काढतेस," तिचा लेक दौलत म्हणाला. "उद्यापासून मोरूला बसवतो. तू आंबिवलीला मालूकडे जाऊन राहा." मोरू म्हणजे घरचा गडी, आणि मालू दौलतची बहीण.

"डोळा लागला असंल तर खाडीत ढकल मना," दगडाबाई म्हणाली. "पन खळं सोडून मी जगू कशी रं?"

कलावती मध्ये पडली. "बाबा, थांबा. कॉम्प्युटर सांगेल खरं काय ते."

तर असा मी खळ्यावर आलो. मोगऱ्याच्या गजऱ्यांत वाढलेला मी, तीन तास सोड्यांच्या वासात उभा! शिंक येत असती तर टेप वाया गेली असती.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सगळे जमले. पडद्यावर पांढरे कावळे उतरले, पांढरी मांजर गेली. पण दगडाबाईच्या जागी नुसता काळोख.

"बघा! म्हातारी जागेवरच नाही," दौलत ओरडला. "बास झालं. बंद कर गो ते!"

अरे, टेप टीव्हीवर लावून बघा की! मी आतल्या आत ओरडत होतो. तिच्या लुगड्याचा काठसुद्धा मी टिपला होता. पण साध्या डोळ्यांनी बघतो कोण? कॉम्प्युटर बोलला, विषय संपला. घरी जाऊन दगडाबाईने बोचकं बांधायला घेतलं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

कलावतीला मात्र चैन पडेना. तिने उरलेली टेप चालवली. पुढे एका ठिकाणी दगडाबाई पाणी प्यायला उठली, आणि पडद्यावर दोन दगडाबाया दिसल्या! एक चाललेली, एक तिथेच बसलेली. शेजारच्या बाकावरचा सुधीर 'भूत, भूत' करत चप्पल टाकून पळाला.

कलावतीने कपाळावर हात मारला. माल वाळत असताना खळं सोडायचं नाही, ही कोळीवाड्याची रीत. ते मोकळं चित्र तिने घेतलं तेव्हाही आजी बसलेलीच होती. म्हणून ती बसलेली असताना काळी, आणि उठल्यावर तिची रिकामी जागाही पांढरी. पण जन्मापासून तिने खळं पाहिलं ते आजीसकट. आजी बसलेली म्हणजे खळं मोकळंच, असं ती धरून चालली होती.

"आजीला मी माणसांत नाही, भिंतीत धरलं," असं म्हणून ती रडायलाच लागली.

मग आजी पाणी प्यायला गेली तेव्हाचं चित्र तिने पहिलं म्हणून घेतलं आणि सगळ्यांना पुन्हा बोलावलं. दगडाबाई बोचकं घेऊनच आली.

या वेळी पडद्यावर ती ठसठशीत बसलेली होती. ताठ मानेने, समोर बघत. आणि तिच्या पाठीमागून एक पांढरी आकृती आली. वाकली. चटईवरून मूठभर उचलून खिशात घातलं. दोन पावलं गेली आणि लुंगी वर ओढली. पुन्हा दोन पावलं, पुन्हा लुंगी.

"कोणी पण असू शकतं," दौलत पुटपुटला, आणि सवयीने लुंगी वर ओढली. अख्खा क्लास हसून लोटपोट झाला. बिचारा समजला होता, की कॅमेरा फक्त आईवर आहे.

दगडाबाई हसली नाही. "सोडे पायजे व्हते तर मागायचे रं," ती म्हणाली. "मी कावल्यांवर नजर ठेवते. मागं माजा लेक हाय, म्हनून मागं कवा बगितलंच नाय."

हशा थांबला. दौलतने खाली वाकून तिचं बोचकं उचललं आणि आईच्या पुढे चालत घरी नेलं. लुंगी ओढायचीसुद्धा त्याला शुद्ध नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी वर्षानुवर्षं एका जागी बसून राखण करत असेल. त्यांना भिंतीत धरू नका. आणि हो, कपाटावर मी पण आहे. जाता-येता एखादं फडकं फिरवा की रे!